अर्धी राहिलेली गाडी

कापसाचं जिनिंग बंद पडलं त्या दिवशी मालकानं मागच्या शेडमधलं भंगार कामगारांना वाटून टाकलं. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं. कुणी पुली नेली, कुणी चामड्याचे पट्टे नेले, एकानं तर ऑफिसचं दार चौकटीसकट सायकलवर लादलं आणि ते ढकलत नेलं. माझे बाबा तिथले हेडफिटर. तिथली सगळी यंत्रं त्यांच्या हाताखालची, त्यामुळं भंगारात पहिला हात घालायचा मानही त्यांचाच. मिस्तरी सगळ्यात चांगली मोटर आणणार, असं आमच्या अकोल्याच्या गल्लीत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि बाबा संध्याकाळी घरी आले ते एक मोठं खोकं डोक्यावर घेऊन. खोक्यात काय, तर मोडक्या प्लास्टिकच्या मोटारगाड्या.

माय दारातच उभी होती. तिनं खोक्यात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "लोकाईनं मोटरा आनल्या, पट्टे आनले, अन् ह्या मानसानं खेळन्यातल्या गाड्या आनल्या! घरात पोट्टी लग्नाची, अन् बाप गाड्या गाड्या खेळते. बाप्पा, मी कोनाले सांगू हे?" बाबांनी खोकं हळूच खाली ठेवलं. म्हणाले, "खेळन्यातल्या नाई वं. जोडायच्या हायेत त्या." मायनं तोंड फिरवलं ते रात्री भाकर वाढेपर्यंत. त्या रात्री झुणक्यात मीठ जास्त झालं होतं. बाबा निमूट जेवले आणि मीही निमूट जेवले. कुणाची हिंमत होती बोलायची!

त्या गाड्या मालकाच्या लहानपणच्या. त्याचा कुणी काका परदेशात होता, तो दर सुट्टीत असे डबे आणायचा. डब्याच्या झाकणावर लांबलचक गाडीचं रंगीत चित्र, आणि आत त्या गाडीचे सुटे भाग: दारं, चाकं, सीट, इंजिन, एवढंसं स्टेअरिंग, सगळं प्लास्टिकच्या एका चौकटीला कच्च्या कैऱ्यांसारखं लटकलेलं. एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा, की हातभर नाही पण वीतभर लांबीची हुबेहूब गाडी तयार. मालकानं लहानपणी त्यांची वाट लावून ठेवली होती. कुठं चाकं चिकटून बसलेली, कुठं दिव्यांवर डिंकाचे ओघळ, कुठं छतच नाही. काही डबे मात्र त्यानं उघडलेच नव्हते. हल्ली माझा मुलगा मोबाईलवर दाखवतो, की असे जुने डबे जगभर लोक शोधत फिरतात, लिलावात घेतात, त्यांची संमेलनं भरतात. मी चष्मा लावून पाहते आणि मला हसू येतं. आमच्या घरी हा शौक नव्हता बाप्पा. काय होतं, तेच सांगायला बसले आहे.

जिनिंगचा भोंगा बंद झाला आणि आमच्या घरातली वेळच गेली. त्या भोंग्यावर माय चूल पेटवायची, मी कॉलेजला निघायची, शेजारच्या काकू नळाला नंबर लावायच्या. आता सकाळ व्हायची आणि तशीच पसरून राहायची. बाबा सवयीनं उठायचे, आंघोळ करून खाकी शर्ट घालायचे आणि दाराच्या पायरीवर बसायचे. गावोगावचा कापूस येईना, आला तर भाव मिळेना, एकामागून एक जिनिंगं बंद पडत होती. फिटर लोक कुठं जाणार? कुणी सुरतेला गेलं, कुणी पानठेला टाकला. बाबा चार ठिकाणी जाऊन आले, पण पन्नाशीच्या फिटरला कोण घेतं? मग एक दिवस त्यांनी पायरीवरून उठून ते खोकं उघडलं.

मागच्या टिनाच्या खोलीत त्यांनी बस्तान मांडलं. जुना रंग काढायला गाडी ब्रेकऑइलमध्ये भिजत घालायची. दोन-चार दिवसांत रंग भिजल्या डाळीच्या सालीसारखा सुटून यायचा. मग जुन्या दातब्रशानं घासायचं. जे भाग हरवले ते घरातून जन्माला घालायचे. सायलेन्सर रिफिलचा, आरसा बिस्किटाच्या चांदीचा, सीटचं कव्हर माझ्या ब्लाऊजच्या अस्तराचं. डिंकही घरचाच: पेट्रोलमध्ये थर्माकोलचे तुकडे टाकायचे, ते फसफसत विरघळतात आणि मधासारखं घट्ट, पांढुरकं काहीतरी तयार होतं. प्लास्टिकला प्लास्टिक त्यानं असं धरतं की पुन्हा सुटायचं नाव नाही. त्याचा वास माझ्या नाकात अजून आहे, थोडा पेट्रोलचा, थोडा गोडसर, डोकं जड करणारा. आणि गाड्या जशा डब्यावर तशा बाबा कधी करायचेच नाहीत. एका ऐटबाज अमेरिकन गाडीची त्यांनी काळीपिवळी टॅक्सी केली, मूर्तिजापूर-अकोला फेऱ्या मारणारी, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर चिंध्यांची गाठोडी. दुसरीला मागून कापून तिच्यात वरूडच्या संत्र्यांच्या पेट्या रचल्या. संत्री म्हणजे मोहरीचे दाणे, शेंदरी रंगात बुडवलेले. मी हसून हसून लोळले. माय म्हणाली, "मोहरी महाग झाली हाय, सांगून ठेवते." पण जाताना तिनं वळून पुन्हा पाहिलं, हे मी पाहिलं.

आता मामाचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा मामा, मायचा पाठचा भाऊ, मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात राहायचा. माय मला घेऊन तिथं माहेरपणाला गेली असताना त्यानं औषध घेतलं. आमच्याकडं त्या वर्षांत 'औषध घेतलं' म्हटलं की कुणी कसलं औषध म्हणून विचारत नसे, फवारणीचंच. मामानं आतल्या खोलीला आतून कडी लावली होती. माय बाहेर ओसरीवर पाट्यावर ठेचा वाटत बसली होती. तिला वास आला होता. तिला वाटलं, भाऊ फवारणीचा पंप धूत असेल. ती वाटत राहिली. ठेचा वाटून झाला, हात धुतले, जेवायला बोलवायला गेली, तेव्हा उशीर झाला होता. माझी माय या गोष्टीवर पुढं कधी रडली नाही, की बोलली नाही. फक्त आमच्या घरात तिनं ठेचा करणं बंद केलं आणि सगळ्यांना ताकीद दिली, की कोणत्याही दाराला आतून कडी लावायची नाही. न्हाणीघरालासुद्धा नाही. न्हाताना आम्ही गाणं म्हणायचो, म्हणजे कुणी आत येऊ नये.

मे महिन्याची गोष्ट. अकोल्याचा मे म्हणजे काय ते अकोल्याच्या माणसालाच विचारावं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. बाबांनी सहा महिने एका गाडीवर काढले होते. शेपटाला पंख असलेली लांब गाडी, रंग मोरपंखी, एकावर एक पातळ हात दिलेले. तिला समोरची काच तेवढी नव्हती. साडीच्या खोक्याचं पारदर्शक प्लास्टिक लावून पाहिलं, पण त्या काचेला दोन्ही बाजूंनी असा बाक होता की काही केल्या जमेना. मग अमरावतीच्या इतवारा बाजारातल्या एका भंगारवाल्या कबाड्याकडं तसलीच एक चेपलेली गाडी आहे, काच शाबूत आहे, असा निरोप आला. मी म्हटलं, मी जाते. बाबांनी मला बसस्टँडपर्यंत सोडलं आणि चारदा बजावलं, "पोरी, काच बोटानं धरू नको. कडेनं धर." कबाड्यानं ती गाडी माझ्यासमोर पाटावर ठेवली तेव्हा मला इतका आनंद झाला की भाव करायचंच विसरले. काच रुमालात गुंडाळली, रुमाल जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि डबा मांडीवर धरून परतीची एसटी पकडली.

गल्लीच्या तोंडाशीच मला कळलं काहीतरी झालंय. भर दुपारी बाया दारात उभ्या होत्या. आमचं दार सताड उघडं, अंगणात मिठाच्या पाण्याची बादली कलंडलेली, मागच्या खोलीचं दार बिजागरीतून निखळून आडवं पडलेलं. शेजारच्या काकू धावत आल्या, माझे दोन्ही दंड धरले आणि म्हणाल्या, "सुजा, तुया बापानं औषध घेतलं वं."

मी तिथंच खाली बसले. मग काकूंनी माझ्या कानाशी तोंड आणून हलक्या आवाजात सांगितलं, "शिशी म्या नालीत टाकली. पोलिसाईले काईच भेटनार नाई. तू चिंता नको करू." आमच्याकडं तीच रीत पडली होती. कुणी औषध घेतलं की शेजाऱ्यांनी आधी शिशी नाहीशी करायची, मग माणूस उचलायचा. काकूंनी शेजारधर्म केला होता. मी विचारलं, "कशी होती शिशी?" काकू म्हणाल्या, "कशी म्हंजे? पांढरं पांढरं व्हतं. भल्ला वास येऊन राह्यला व्हता."

मी उठून त्या खोलीत गेले. गाडी टेबलावर होती, ओल्या रंगाची, मोरपंखी. सगळं माझ्या ध्यानात आलं. बाबा शेवटचा हात देत होते. कूलरची ओलसर हवा लागली की रंग पांढरा पडतो, म्हणून कूलर बंद. बाहेरच्या गरम लूची धूळ बसू नये म्हणून खिडकी बंद. दार नुसतं लोटलं तर वाऱ्यानं उघडतं, म्हणून त्यांनी त्या एका दिवशी मायची ताकीद मोडून कडी लावली. टिनाचं छत, मे महिना, शेजारी उघडी डिंकाची शिशी. माणूस भोवळ येऊन पडणार नाही तर काय होईल? आणि बाहेर माय काडीवर वळायच्या सरगुंड्यांचं पीठ मळत बसलेली. तिला वास आला. तिनं हाक मारली, आतून उत्तर नाही.

खानचाचा आमच्या समोर राहायचे, ऑटो चालवायचे. त्यांनीच बाबांना दवाखान्यात नेलं होतं आणि आता मला घ्यायला परत आले होते. "बैठ बेटी, जल्दी बैठ." वाटेत त्यांनी सांगितलं, की दार तोडलं तेव्हा मिस्तरी जमिनीवर पडले होते, घामानं निथळत होते. बायांनी तोंड उघडून मिठाचं पाणी पाजलं, ते भडभडा ओकले. "भाभीनं जान बचावली त्याची," चाचा म्हणाले. ऑटोच्या मागच्या सीटला तोच वास होता, डिंकाचा. मामाच्या घरचा वास मी घेतलेला होता. हा तो नव्हता. पण हे कुणाला सांगू?

दवाखाना एका चौकात होता, खाजगी, लहानसा. आता तो नाही, तिथं मोबाईलचं दुकान आहे. आत एका लांब खोलीत ओळीनं खाटा, आणि बहुतेक खाटांवर औषध घेतलेलीच माणसं. त्या वर्षांत तसंच होतं. दाराशी माय जमिनीवर बसली होती, हाताला पीठ तसंच वाळलेलं. मला पाहून ती म्हणाली, "मले वास आला सुजा. या खेपेस म्या बसून नाई राह्यली." तिचे डोळे कोरडे होते आणि चेहऱ्यावर जे काही होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिला भाऊ परत मिळाल्यासारखं वाटत होतं. आणि मला तिला सांगायचं होतं, की माय, तू चुकलीस.

बाबांचे हात खाटेला पट्ट्यांनी बांधले होते. चेहरा लालबुंद, ओठ सुकून फाटलेले, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की डोळे सगळे काळेच दिसत होते. मी हाक मारली तर माझ्याकडं पाहिलं, पण ओळखलं नाही. काहीतरी बरळत होते. आणि बांधलेल्या हातांची बोटं सारखी चाललेली. नर्स म्हणाली, "विषानं असंच होतं, हवेत काहीबाही वेचतात." मी त्या बोटांकडं पाहत राहिले. ते वेचत नव्हते. चिमटीनं काहीतरी पिळून सुटं करायचे, अंगठ्यानं त्याची कड चाचपायचे, मग दोन बोटांनी दाबून धरायचे आणि तसेच थांबायचे. डिंक धरेपर्यंत थांबतात तसे. माझा बाप बेशुद्धीत गाडी जोडत होता.

डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा, डोळ्यांखाली काळं आलेलं. मी त्याला सगळं सांगितलं. डिंक, रंग, बंद खिडकी. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, रागावू नका. इथं आलेला प्रत्येक जण असंच काहीतरी सांगतो. रॉकेल समजून प्यायले, ढेकणाचं औषध मारताना चक्कर आली. पोलिसांची भीती असते, मला कळतं. शिशी आणलीत का?"

"शेजारणीनं नालीत फेकली."

"तेही सगळे सांगतात," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. विषावरचं इंजेक्शन चालू होतं, थोड्या थोड्या वेळानं द्यायचं होतं. मी विचारलं, विष नसेल आणि हे दिलं तर? त्यानं बाबांची पापणी वर करून पाहिली. "बाहुल्या मोठ्या होणं, बरळणं, हे या इंजेक्शनानंही होतं. विष नसेल तर मग हेच विष होईल," म्हणाला.

पुढचं इंजेक्शन नर्स भरत होती. मला काय सुचलं ते कसं सुचलं, देव जाणे. आम्ही देवाला मानत नाही, तरी तोंडात हेच येतं. इंजेक्शनं बर्फात ठेवायचा थर्माकोलचा डबा टेबलावर होता. मी त्याचं झाकणच मोडलं. नर्स ओरडली. मी बाहेर पळत गेले, खानचाचांना म्हटलं, पेट्रोल काढा. चाचांनी एका शब्दानं विचारलं नाही. ऑटोच्या नळीला तोंड लावून त्यांनी स्टीलच्या गिलासात पेट्रोल ओढलं आणि थुंकत माझ्या हातात दिलं. डॉक्टरच्या समोर मी थर्माकोलचे तुकडे गिलासात टाकले. ते फसफसले, बसले, विरघळले. मी पेनानं ढवळलं आणि गिलास त्याच्या नाकाशी धरला. मग बाबांचा शर्ट धरला. मग बाबांच्या अंगठ्यावर सुकलेल्या डिंकाची पापडी नखानं सोलून त्याच्या तळहातावर ठेवली. मी काय काय बोलत होते मला आठवत नाही. रडत होते एवढं नक्की.

डॉक्टरनं ती पापडी उजेडात धरून पाहिली. बाबांची बोटं पाहिली. म्हणाला, "मी इंजेक्शन थांबवतो. पण नीट ऐका. तुमचं म्हणणं चूक निघालं तर यांना परत आणणं माझ्या हातात नसेल. थांबवू?"

माय मागं येऊन उभी होती. "नाई!" ती ओरडली. "द्या तुमी सुई. तिले काय समजते? पोट्टी हाय ते. म्या सोता वास घेतला!" तिनं नर्सचा हात धरला. मी मायचा धरला. आम्ही मायलेकी त्या खाटांच्या मधे अक्षरशः झोंबलो. इतर खाटांवरची माणसं पाहत होती. मला मायची इतकी कीव आली आणि इतका राग आला, की दोन्ही एकदम येऊ शकतात हे मला त्या दिवशीच कळलं. आणि खरं सांगू? मलाही खात्री नव्हती. जिनिंग बंद झाल्यापासून बाबा पायरीवर बसून काय विचार करायचे ते मला कुठं माहीत होतं? डिंक प्यायलाच नाही कशावरून? डिंकाशेजारी दुसरी शिशी नव्हती कशावरून? तरी मी म्हणाले, "थांबवा."

डॉक्टरनं नर्सच्या हातातली सुई काढून घेतली. माय खाटेच्या एका अंगाला बसली, मी दुसऱ्या. ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या माणसाच्या छातीकडं पाहत बसलो, वर होते, खाली होते. माझ्या मनात एकच, की हा छातीचा भाता थांबला तर थांबवणारी मी. चाचांनी चहा आणला, तो तसाच साय धरून गेला. चौकातले दिवे लागायच्या सुमारास बाबांची बोटं थांबली. मी उठून उभी राहिले, मायही उठली. त्यांनी डोळे उघडले, छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि फाटल्या ओठांनी म्हणाले, "पोरी, काच भेटली काय?"

मायनं पीठ वाळलेल्या हातांनी त्यांचे पट्टे सोडायला घेतले.

हे इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण बाबा घरी आले ते औषध घेतलेला माणूस होऊन. गल्लीतले लोक केळी घेऊन भेटायला येत, आवाज उतरवून बोलत. "मिस्तरी, लेकराईकडं पाहून तरी…" बाबा म्हणत, "अवो, म्या काई घेतलं नाई." समोरचा मान हलवी, "हाव हाव, नसनच घेतलं." बुद्धविहारातून चार ज्येष्ठ मंडळी आली, जयभीम घातला, जीवन कसं अनमोल आहे ते समजावून गेली. माझ्यासाठी अमरावतीचं एक स्थळ आलं होतं, त्यांच्याकडून निरोपच येईना. आणि माय! ती बाबांच्या मागं सावलीसारखी. ते संडासला गेले तरी बाहेर उभी. न्हाताना ते गाणं म्हणत, त्यात एक ओळ चुकली तरी ही दार ठोठावी. बाबांचं वजन उतरत गेलं. गाडीला ते हात लावीनात. ती काच त्या डब्यात तशीच होती.

एका सकाळी मायनं सगळ्या गाड्या पोत्यात भरायला घेतल्या. काळीपिवळी, संत्र्यांची, सगळ्या. "कबाड्याले देतो. ह्याच्यानंच झालं सारं." बाबा भिंतीला टेकून पाहत होते. मी म्हटलं, "माय, त्यांनी नाही घेतलं गं औषध. कधी मानशील?" माय गर्रकन वळली आणि मला नाही, बाबांना म्हणाली, "मले खरं सांगा. एक डाव खरं सांगा. माया भावाची आन हाय तुमाले."

बाबा भिंतीचा आधार सोडून उभे राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी नाई घेतलं."

"त्या दिवशी म्हंजे?"

"आनलं व्हतं म्या. जिनिंग बंद झालं त्याच्या चार रोज अगोदरच आनून ठेवलं व्हतं, मालक बंद कराचं बोलला तवाच. न्हानीच्या वरच्या फळीवर हाय, ब्रेकऑइलच्या डब्यामांगं. मंग हे खोकं भेटलं. म्हनलं, एक गाडी पुरी करू, मंग पाहू. ते पुरी होऊन राह्यली, तं दुसरी भिजत घातली व्हती. ते झाली, तं तिसरी अर्धी." त्यांनी मायकडं पाहिलं, अगदी साधं, भाव विचारल्यासारखं. "अर्धं काम टाकून जाता येत नाई ना वं."

मला वाटलं माय किंचाळेल. ती किंचाळली नाही. तिनं न्हाणीत जाऊन फळीवरून ती बाटली काढली, पदराआड धरली आणि बाहेर गेली. तिचं तिनं काय केलं, मला आजपर्यंत माहीत नाही. परत येऊन हातपाय धुतले, पोतं उघडलं आणि एकेक गाडी काढून, पदरानं पुसून, टेबलावर मांडली. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "आता बाकी किती हायेत?"

"एकच," बाबा म्हणाले. "काच लावली का झाली."

मायनं माझ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सुजा," ती म्हणाली, "चाल. अमरावतीले जाऊन येऊ."

माझ्या मायनं, जिला प्लास्टिकची गाडी म्हणजे घरबुडवेपणा वाटायचा, तिनं त्या दिवशी इतवारा बाजारात कबाड्याच्या पुढ्यात बसकण मारली. "अशे डबे अजून हायेत काय? मोडके चालतीन. जेवढे मोडके तेवढे बरे." त्यानं आणखी दोघातिघांची नावं सांगितली. त्यानंतर ती कुठं कुठं नाही गेली! मूर्तिजापूर, मोर्शी, अचलपूर. जुने बंगले रिकामे होत तिथं जाऊन बसायची. वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या बायकोनं मुलाच्या माळ्यावरचे डबे दिले, तर मायनं तिला बाजरीच्या खारोड्यांचं पातेलं भरून पोचवलं. शिकलेली नव्हती, पण डब्यावरचं चित्र पाहून सांगायची, "हे नको, हे लवकर होते." आणलेले डबे ती गव्हाच्या कोठीमागं लपवायची. एक गाडी अर्ध्यावर आली की दुसरा डबा बाहेर. आणि कधी डबाच मिळाला नाही, नि गाडी पुरी होत आली, तर टेबलावरचं एखादं चाक गुपचूप नाहीसं व्हायचं. मग सगळं घर हुडकायला लागायचं, आणि सगळ्यात जास्त आरडाओरडा मायचा. बाबांना कळत होतं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. नवं चाक घडवायला घ्यायचे.

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, दुसऱ्या ठिकाणी, बऱ्या माणसाशी. बाबांना एका मोटार गॅरेजवर काम मिळालं, नंतर तेही सुटलं. गाड्या सुटल्या नाहीत. ते गेले ते म्हातारे होऊन, छातीच्या दुखण्यानं, सकाळच्या उजेडात, आम्ही सगळे खाटेभोवती असताना. लोक जमले. कुणीतरी मायजवळ बसून म्हणालं, की चांगलं भरलं आयुष्य गेलं मिस्तरींचं, आता रडू नये. माय रडत नव्हतीच. ती उठली, कोठीमागं गेली, आणि दोन्ही हातांत मावेनात इतके डबे घेऊन आली, अजून चिकटपट्टी न सोडलेले. ते तिनं बाबांच्या पायाशी आदळले.

"एवढे बाकी व्हते," ती त्यांच्यावर ओरडली. "पाहा ना, एवढे बाकी व्हते अजून!"